काचेच्या पेटीतलं जंगल

कोणतीही वस्तू हातात आली की काकाजी ती आधी नाकाशी न्यायचे. लाकडाचा तुकडा असो, वाळलेलं पान असो, नाहीतर बाजारातून आणलेलं कोरं धोतर. डोळे मिटून, मान जराशी वर करून ते एक लांब श्वास घ्यायचे. मग डोळे उघडून निकाल द्यायचे, "अजून कच्चं आहे." किंवा, फार क्वचित, "हौ, हे चालते." एकदा मी माझ्या मामेभावाला त्यांच्याकडे फोटोसाठी घेऊन गेलो, तर त्याच्या खांद्याशी वाकून त्यांनी असाच वास घेतला. तो बिचारा दचकून मागे सरकला.

"घाबरू नको गा," काकाजी म्हणाले, "अत्तर लई लावलं तुनं. फोटोत नाही येत ते."

गोंदियाला स्टेशनवरून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मी मूळचा दवनीवाड्याचा. देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मी एका तेंदूपत्ता ठेकेदाराकडे मुनशी म्हणून लागलो. ठेकेदाराचं ऑफिस आणि स्टुडिओ यांच्यामध्ये एकच भिंत. उन्हाळ्यात पानांचा हंगाम असेपर्यंत माझा मुक्काम सालेकशाच्या जंगलात, पानं गोळा करायच्या फडावर, आणि बाकीचं वर्ष जवळपास सगळं काकाजींच्या दारातल्या बाकड्यावर. ते माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. सगळा रस्ता त्यांना काकाजी म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण त्या नावानं त्यांना हाक मारलेली मी ऐकली नाही.

स्टुडिओत कॅमेऱ्याच्या शेजारी, एका भक्कम टेबलावर, लोखंडी चौकटीची एक मोठी काचेची पेटी होती. रेल्वेतला एक इंग्रज साहेब विलायतेला परत जाताना ती त्यांच्या गळ्यात मारून गेला होता. त्यात पाणी, आणि पाण्यात मासे. काही जवळच्या तळ्यातल्या चंदेरी मासोळ्या, काही लाल-सोनेरी, कलकत्त्याच्या गाडीनं एका ओळखीच्या गार्डाबरोबर डब्यातून आलेले. आज कुणाच्याही बैठकीत अशी पेटी दिसते. तेव्हा गोंदियात ती एकच असावी. खेड्यावरून आलेला म्हातारा फोटोच्या खुर्चीत बसण्याआधी पेटीपुढे उकिडवा बसायचा आणि हमखास विचारायचा, "मालक, हे कधी रांधता?"

"रांधाचे नाही जी. पाहाचे आहेत."

"नुसते पाहाचे?" म्हातारा जाईपर्यंत काकाजींकडे संशयानं बघत राहायचा.

पेटी ठेवण्यामागे धंद्याची अक्कल होती. त्या काळच्या कॅमेऱ्यापुढे पुतळ्यासारखं बसावं लागे, आणि लेकरं काही पुतळ्यासारखी बसत नाहीत. काकाजी काळ्या कापडात डोकं खुपसायचे आणि आतून ओरडायचे, "मासोळी पाह्य! मासोळी!" की लेकरू पेटीकडे बघून गप्प. गोंदियात त्या वर्षांत काढलेला एखादा फोटो तुमच्या घरी असेल तर जरा निरखून पाहा. सगळी पोरं एकाच बाजूला, किंचित खाली बघताना दिसतील. एक नवरीसुद्धा मी तशी पाहिली आहे. नवरदेव ताठ समोर, आणि ती माशांत हरवलेली. तिच्या सासऱ्यानं फोटो परत आणून दिला तेव्हा काकाजी म्हणाले, "पोरगी खुश दिसून राहिली न? मंग काऊन तक्रार करता?"

पेटीत त्यांना जंगल हवं होतं. नुसत्या पाण्यात मासा उघड्यावर पडल्यासारखा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मुळं, वाकड्या फांद्या, पानं, बिया, सगळं खरं. रंगवलेलं, चुन्याचं, कागदाचं काही नको. त्यांची ही हौस सुरू झाली तीच मुळी एका दुःखानं. मी गोंदियाला येण्याच्या जरा आधीची ती गोष्ट. कुठल्यातरी झाडाची हिरवीगार, सुंदर वळणाची फांदी त्यांनी तोडून आणली आणि तशीच पेटीत उभी केली. सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. फांदीचा चीक पाण्यात उतरला होता. आमच्या सालेकशाकडे डबक्यातले मासे धरायला काही झाडांच्या साली ठेचून टाकतात, हे काकाजींना ठाऊक नव्हतं असं नाही. पेटीला ते लागू पडेल असं त्यांच्या मनातच आलं नाही.

त्यांची मुलगी वच्छी तेव्हा लहान होती. बायको आधीच गेलेली, घरात ही दोघंच. वच्छीनं मेलेले मासे अंगणात पेरूच्या झाडाखाली पुरले आणि दिवसभर ती बापाशी बोलली नाही.

त्यानंतर काकाजी जे बदलले ते मी स्वतः पाहिलं. ओलं लाकूड बंद. झाडावरून तोडलेलं काहीही बंद. "झाडानं सोडलं तेच आपलं," असं म्हणून ते खाली पडलेलं, उन्हात पांढरं पडलेलं कठीण लाकूड तेवढं घ्यायचे. नखानं दाबून पाहायचे. नख रुतलं तर ते सडकं, चुलीत. नाकाला झोंबणारं किंवा गोड वास येणारं, डिंक सुटलेलं, तेही चुलीत. मी फडावरून दरवर्षी गोणीभर मुळं आणायचो. नाल्याच्या काठची, पुरानं धुतलेली, एकेक अशी की वाटावं कुणी घडवली. त्यातली चार-दोन पसंत पडायची.

मग पुढचं काम. साल सोलायची, ब्रशनं घासायचं, साबण अजिबात नाही. अंगणात लोखंडी कढईत ते लाकूड उकळत ठेवायचं. पाणी चहासारखं व्हायचं. ते ओतायचं, नवं घालायचं, पुन्हा उकळायचं. मग वर दगड ठेवून पाण्याच्या टाक्यात बुडवून ठेवायचं, लाकूड आपल्या आपण तळाला बसेपर्यंत. महिना लागो, दोन लागोत. शेवटी त्या टाक्यात तळ्यातली एक मासोळी सोडायची. तिला ते 'पाहुणी' म्हणायचे. पाहुणी मजेत राहिली तर लाकूड पेटीत जाई.

"काकाजी, इतक्या दिवसांत पोरीचं लग्न होते," मी एकदा थट्टेनं म्हणालो.

"घाई कोनाले आहे?" ते म्हणाले. ही थट्टा मला पुढे फार दिवस आठवत राहिली.

पानं मात्र सोपी. रेल्वे कॉलनीत बदामाची झाडं होती. त्यांची तांबूस, वाळून गळलेली मोठी पानं ते वेचून आणत, धुऊन उकळत्या पाण्यातून काढत आणि थोडीथोडी तळाशी अंथरत. पाण्याला हलका तपकिरी रंग चढायचा. लाल मासे त्यात निखाऱ्यासारखे दिसायचे. शेताच्या बांधावरची, रस्त्याकडेची पानं ते घेत नसत, त्यांवर काय धूळ-औषध बसलं असेल म्हणून. कुणीतरी हौसेनं रेल्वेच्या जुन्या स्लीपरचा तुकडा आणून दिला, तर डांबराच्या वासानं काकाजी दोन पावलं मागे गेले. "हे रुळाखालीच ठेव बाप्पा!"

असं सगळं करूनही चुका व्हायच्या. एकदा त्यांनी बांबूच्या जाड कांड्या उभ्या केल्या. दिसायला सुरेख. पण पोकळीत पाणी कोंडून सडलं आणि आठवड्याभरात स्टुडिओत नाक धरून बसायची पाळी आली. काकाजी वाण्याच्या दुकानावर, गटारावर, माझ्या चपलांवर संशय घेत हिंडले. वच्छीनं हात घालून एक कांडी बाहेर काढली आणि बापाच्या नाकाशी धरली. "घ्या. आता याचा वास घ्या." त्या दिवशी तिघंही खूप हसलो.

वच्छी वाढत होती तशी पेटी तिचीच होत गेली. बाप लाकूड शिजवायचा, मांडायची ती. एक मूळ आडवं, त्यावर दुसरं तिरकं, मध्ये माशाला शिरायला वाट, एका कोपऱ्यात नुसती पानं. तिनं मांडलं की वाटायचं, सालेकशाचाच एखादा नाला इथे आणून ठेवला आहे. फोटोंना हातानं रंग भरायचं कामही तीच करू लागली होती. लुगड्याचा काठ, गालावरची लाली, इतक्या हलक्या हातानं की बायका मुद्दाम तिच्यासाठी म्हणून यायच्या. शाळेतही हुशार. मॅट्रिक व्हायचं आणि मग स्टुडिओत बापाच्या शेजारी उभं राहायचं, एवढंच तिचं ठरलेलं.

मलेरियाच्या फवारणीवाल्यांशी काकाजींचं भांडण त्याच सुमाराचं. डीडीटीचे पंप खांद्याला लावून माणसं घरोघर फिरत होती. ती स्टुडिओच्या दारात आली आणि काकाजी पेटीपुढे हात पसरून उभे राहिले.

"सरकारी काम है, हटो."

"सरकारले सांगा, आत माझी लेकरं आहेत!"

फवारणीवाला बिचारा आत डोकावून लेकरं शोधू लागला. शेवटी वच्छीनं पेटीवर मेणकापड, त्यावर घोंगडी, त्यावर आणखी एक सतरंजी असं पांघरूण घातलं, भिंतींवर फवारा झाला, आणि कितीतरी दिवस काकाजींनी फवारलेल्या घरांच्या आसपासचं पानसुद्धा पेटीत पडू दिलं नाही.

असा हा माणूस. म्हणूनच पुढे जे झालं ते मला आजही नीट समजत नाही.

दुर्गच्या पलीकडच्या एका गावचे गृहस्थ कामानिमित्त गोंदियाला आले होते. मोठी शेती, लाकडाची वखार. फोटो काढायला म्हणून बसले आणि वच्छीला पाहून गेले. थोड्याच दिवसांत त्यांचा निरोप आला: पुतण्यासाठी मुलगी पसंत आहे, देण्याघेण्याचं काही नाही, फक्त घरातली म्हातारी आजारी आहे, तेव्हा याच महिन्यात उरकून टाकू.

काकाजी दोन दिवस हवेतच होते. आईवेगळी पोर, वय वाढत चाललेलं, नातेवाईक टोचून बोलत होतेच. असं घर आपण होऊन दारात यावं, याचं त्यांना अप्रूप वाटलं. मी बाकड्यावर होतो तेव्हाच वच्छी आतून आली.

"बाबा, मॅट्रिक होऊ द्या न. एवढंच थांबा."

"असं घर पुन्हा येते का वो?"

"मंग तुम्ही एकदा जाऊन तर या."

मीही म्हणालो, "काकाजी, पोरगी बरोबर म्हणते. एकदा गाव पाहून या. पाहिजे तर मी येतो संगं."

"मानसं पाहिली न आपन? मंग अजून का पाहाचं?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच चिडकेपणा ऐकला. "तुम्ही दोघं माझ्या पाठीमागं लागू नका."

लग्न झालं. स्टुडिओपुढच्याच मांडवात झालं, नवऱ्या मुलाचा फोटो काकाजींनीच काढला. ताठ समोर बघणारा, बरा दिसणारा तरुण. वच्छी गाडीत बसली तेव्हा बापाला एवढंच म्हणाली, "पानं बदलत जा."

पहिल्या दिवाळीला ती आली. बारीक झाली होती, आणि हातांना घट्टे. पेटीपाशी उभी राहून ती बराच वेळ आत बघत होती. काकाजी मागे खुर्चीत, मी दारात.

"बाबा," ती वळली नाही, "तिकडं घरात मोठी आहे."

"कोन मोठी?"

"त्यायची पहिली बायको. लेकरू नाही झालं म्हनून मले आनलं. साऱ्या गावाले माहीत आहे. तुम्ही एक डाव आले असते, तर पानी द्याले तीच बाहेर आली असती."

मी तिथून उठून ऑफिसात गेलो. भिंतीपलीकडून रडण्याचा, बोलण्याचा कसलाच आवाज आला नाही.

भाऊबीज झाली नि वच्छी परत गेली. नंतर तिला पाठवणंच बंद झालं. नवरा दारू पितो, हात उचलतो, अशा बातम्या येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कानावर येत. अखेर एक दिवस काकाजी टोपी घालून माझ्या दारात उभे राहिले. "मुनशीजी, चाला. पोरीले घेऊन येऊ."

आम्ही पॅसेंजरनं गेलो, पुढे बैलगाडी. घरात कुणी घेतलं नाही. वखारीत बसवलं, नुकत्याच कापलेल्या ओंडक्यांवर. करवतीचा भुसा, डिंकाचा उग्र वास. काकाजी गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. बऱ्याच वेळानं वच्छी आली. तिच्या मागे, पदर पुढे ओढून, हातात चहाचे पेले घेतलेली एक बाई. वच्छीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. तीच मोठी.

"चाल पोरी," काकाजी उठून म्हणाले. "घरी चाल. जशी आहेस तशी चाल."

वच्छी कितीतरी वेळ बापाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, निघणार. मग तिनं मागे पाहिलं.

"आता नाही येत, बाबा."

"काऊन?"

"मी येन्याच्या आधी सारा मार इच्या एकटीच्या पाठीवर होता. आता आम्ही दोघी आहो. एकीवर उठला की दुसरी मधात पडते. मी गेली तर इचं कोन आहे? इले तर माहेरबी नाही राहिलं."

मोठीला मराठी कळत नव्हती, ती छत्तीसगढी बोलणारी. ती आपली पेले घेऊन उभी. तिनं काकाजींच्या पाया पडायला वाकून पेला पुढे केला, आणि काकाजींनी तो घेतला. काय करणार होते! एका माणसानं लेकीला सोडवायला यावं, आणि जिच्यामुळे ती अडली तिच्याच हातचा चहा त्याला प्यावा लागावा.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. सालेकशाचं जंगल लागलं, ऊन तिरपं झालं होतं. मी ज्या नाल्यातून त्यांच्यासाठी मुळं आणायचो त्याच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा ते बोलले.

"काडीले मी महिना महिना भिजवलं, मुनशीजी. दहादा पानी पाहिलं, रंग गेला का नाही म्हनून. अन् पोरीले..."

पूल मागे पडल्यावर म्हणाले, "हे तिले म्हनाले पाहिजे होतं. चुकलो म्हनून. तिथं तोंडच नाही उघडलं."

"पुढच्या खेपेला सांगा, काकाजी."

"हौ. पुढच्या खेपेले."

पुढची खेप झालीच नाही. पावसाळा आला, मग लग्नसराईचं काम, मग छातीचं दुखणं. मी आठवण केली की म्हणायचे, "जातो न. काय बोलाचं ते बराबर सुचू दे." एकदा तर पेहराव करून स्टेशनपर्यंत जाऊन परत आले. लेकीपुढे उभं राहून ते दोन शब्द बोलायची त्यांना भीती वाटत असावी.

पेटी त्यांनी एके सकाळी रिकामी केली. वच्छीनं मांडलेली मुळं काढली, पानं काढली. मासे नुसत्या पाण्यात उरले. मी फडावरून आणलेली गोणी त्यांनी उघडलीही नाही. "आता मांडनार कोन?" एवढंच म्हणाले. लेकरांचे फोटो अजून निघत होते, "मासोळी पाह्य" अजून ऐकू यायचं, पण आवाजात जोर नसायचा. एकेक करून मासे कमी झाले आणि त्यांच्या जागी नवे आले नाहीत. पेटीचं पाणी आटून तळाला पांढरी रेघ उरली.

आमचा भंडारा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या एक-दोन वर्षांनंतरची गोष्ट. हिवाळ्यातल्या एका दुपारी, गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असताना, काळ्या कापडाखाली काकाजी खाली बसले ते उठलेच नाहीत. गिऱ्हाईक कितीतरी वेळ हलायचं नाही म्हणून ताठ बसून होतं.

मी तार केली. वच्छी आली, आणि तिच्याबरोबर मोठी आली. कशा निघाल्या, कुणाला सांगून निघाल्या, मी विचारलं नाही. दोघींनी मिळून घर सारवलं, दोघींनी सगळं पार पाडलं. वच्छीच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नाही. स्टुडिओ एका दुसऱ्या फोटोवाल्यानं घेतला, कॅमेऱ्यासकट.

त्यांना गाडीत बसवायला मी स्टेशनवर गेलो. पॅसेंजर उभी होती. दोघी खिडकीशी समोरासमोर बसल्या होत्या. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर हे माझ्याबरोबरच जाईल. मी खिडकीचे गज धरले आणि त्या दिवशी परतीच्या गाडीत काकाजी जे बोलले होते ते तिला सांगितलं. काडीचं, महिन्यांचं, पाण्याचं. आणि "चुकलो" म्हणाले तेही.

वच्छी ऐकत राहिली. गार्डाची शिट्टी झाली.

"तुम्हाले म्हनाले," ती म्हणाली. "मी तिथं वखारीत इतका वेळ उभी होती, दादा. त्याचसाठी उभी होती."

मोठीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "का कहिस?" तिनं विचारलं. काय म्हणाले?

गाडी हलली. मी दोन पावलं बरोबर चाललो. वच्छी पुढे वाकून मोठीला तिच्या बोलीत, थांबत थांबत, ते सगळं सांगत होती. गाडी फलाटाबाहेर जाईपर्यंत मला दिसत होतं: सांगणारीचे डोळे कोरडे होते, आणि ऐकणारी तोंडावर पदर घेऊन रडत होती.